पाखरांच्या लाकडी पेट्या: कोल्हापुरात काय मिळतं, त्यातलं काय घ्यावं

दर वर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिवस येतो आणि त्याच्या आगेमागे कोल्हापुरातल्या रोपवाटिका, फुलांची प्रदर्शनं, रस्त्याकडेचे स्टॉल यांवर पाखरांना घरट्यासाठी लावायच्या लाकडी पेट्या झळकायला लागतात. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात चुकीची वेळ. चिमण्या थंडी सरता सरता जागा धरतात, दयाळ (बागेत गाणारा काळा-पांढरा पक्षी) मार्चच्या तोंडावर. नव्या पेटीला ऊन-वारा लागून तिचा रंगा-गोंदाचा वास जायला महिना-दोन महिने द्यावे लागतात. म्हणजे पेटी डिसेंबरात, फार तर जानेवारीअखेर जागेवर लागलेली हवी. नेमका तेव्हा स्टॉलवर माल नसतो. मग उरतात ऑनलाइन दुकानं, कुंभार आणि सुतार.

इथे चार प्रकार तपासले आहेत: स्टॉलवरची रंगीत प्लायची पेटी, ऑनलाइन येणारी देवदारी पेटी, कुंभाराचं मडकं आणि सुताराकडून करून घेतलेली पेटी. निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते सुताराच्या पेटीत. देवदारी पेटी थोडी डागडुजी करून चालते. मडकं जागा बघून घ्यावं. आणि रंगीत पेटी घ्यायचीच असेल तर दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवायला घ्यावी.

कुठलीही पेटी हातात घेतली की दोनच गोष्टी बघायच्या. भोक किती इंचाचं आहे आणि पेटी उघडते का. बाकीचे दोष घरी दुरुस्त होतात. भोकावर मात्र भाडेकरू ठरतो. सव्वा इंच म्हणजे चिमणी किंवा राखी वल्गुली हा चिमणीएवढा करडा पक्षी. दीड इंच म्हणजे चिमणी आरामात, दयाळ नाही. दोन इंच म्हणजे दयाळ, पण त्यातून साळुंकीही जाते, आणि साळुंकी एकदा आत शिरली की दयाळाची जोडी परत फिरकत नाही. दोन इंचांत दयाळ येईल आणि साळुंकी अडेल असा आकडा नाही, तो शोधण्यात वेळ घालवू नये. साळुंकीला उंच आणि मोकळी जागा आवडते, दयाळाला झाडोऱ्याच्या आडोशाची, जरा खालची. त्यामुळे ही निवड पेटी कुठे लावता यावर सोडावी.

स्टॉलवरची रंगीत पेटी

साधारण २०० ते ३०० रुपयांना मिळते. दिसायला झोकात: लाल छप्पर, पिवळ्या भिंती, पुढे बसायला छोटी दांडी. आत पाहिलं तर ६ मिलिमीटरचं प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी), सांधे हवेच्या पिनांनी ठोकलेले, तळ गोंदाने चिकटवलेला. उघडायची सोय नाही.

एमडीएफ कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिकत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला की चार महिने हवा ओलीच असते. एमडीएफच्या कडा पाणी पितात, फुगतात, पिना सैल होतात आणि तळ खाली येतो, कधी पिलांसकट. प्लाय थोडं जास्त टिकतं, पण कापलेल्या कडेला पदर सुटतात. दुसरा दोष उन्हाळ्याचा. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली पातळ, गडद रंगाची पेटी आतून भट्टी होते. पिलं चोच वासून धापा टाकतात आणि शेवटी अंगात पुरती पिसं नसतानाच भोकातून खाली उड्या टाकतात. खाली पडलेलं पिल्लू बघून लोक मांजराला दोष देतात.

आणि ती दांडी. भोकात राहणाऱ्या पाखराला दांडी लागत नाही, ते भोकाच्या कडेलाच पंजे रोवतं. दांडीचा उपयोग होतो कावळ्याला, साळुंकीला आणि भारद्वाजाला. भारद्वाजाचं दर्शन शुभ म्हणून आपण हात जोडतो, पण अंडी आणि पिलं पळवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. पेटी आधीच घेऊन बसला असाल तर दांडी आरीच्या पात्याने मुळाशी कापा आणि तिचं भोक लाकडाचा भुसा व गोंद यांनी बुजवा.

ऑनलाइन येणारी देवदारी पेटी

या पेटीच्या वर्णनात बहुतेक वेळा ‘ब्लूबर्ड हाउस’ असं लिहिलेलं असतं. ते कुठून आलं हे कळलं की ही पेटी कशासाठी चांगली आहे तेही कळतं. ब्लूबर्ड हा उत्तर अमेरिकेतला पक्षी. निळ्या पाठीचा, तांबूस छातीचा, झाडाच्या ढोलीत घरटं करणारा. आपल्याकडे तो मुळीच नाही, तेव्हा पेटी लावली म्हणून येणार नाही. तिकडे १८५१ साली ब्रुकलिनमध्ये आपली घरचिमणी नेऊन सोडली, १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात युरोपातली स्टार्लिंग. दोघीही भोकात राहणाऱ्या, दोघीही भांडकुदळ. जुनी वठलेली झाडं आणि लाकडी कुंपणाचे खांबही कमी होत गेले आणि ब्लूबर्डला जागा उरेना. मग लोकांनी कुरणांच्या कडेने पेट्यांच्या रांगा लावल्या. १९७८ मध्ये नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन झाली आणि पेटीची मापं पक्की होत गेली: भोक दीड इंच, कारण त्यातून स्टार्लिंग आत जात नाही. चिमणी मात्र जाते, आणि आतल्या ब्लूबर्डला मारूनही टाकते. म्हणून तिकडे पेटी सांभाळणारा दर आठवड्याला दार उघडून चिमणीचं घरटं काढून टाकतो.

म्हणजे तिकडे ज्या पाहुणीला हुसकावतात तीच आपल्याकडे घरची माणूस. ब्लूबर्डच्या मापाची पेटी कोल्हापुरात जशीच्या तशी चिमणीची उत्तम पेटी ठरते. दयाळासाठी ‘सगळ्या लहान पक्ष्यांना चालेल’ हे वाचून ती घेऊ नका, दीड इंचात त्याचं अंग मावत नाही.

या पेटीचं गुणवर्णन करायचं तर दार. बहुतेकींना एका बाजूची फळी वरच्या दोन स्क्रूंवर झुलते आणि खाली खिळ्याने अडकते. हीच खरी पेटी. तळ साधारण ४ बाय ४ किंवा ५ बाय ५ इंच, भोक तळापासून सहा-सात इंच वर, छप्पर पुढे झुकलेलं. किंमत ६०० पासून १२०० रुपयांपर्यंत, पार्सल खर्च वेगळा.

दोष तीन. लाकडाची जाडी जाहिरातीत पाऊण इंच, हातात अर्ध्या इंचाची येते. घेतल्या दिवशी मोजा, परत करायची मुदत असते. स्क्रू साधे लोखंडी असतात, पहिल्या पावसात गंजतात आणि दार जाम होतं. ते काढून दीड इंची स्टेनलेसचे घाला. तिसरा दोष छपराचा: पुढे जेमतेम दोन इंच. वळवाचा पाऊस दिशा पाळत नाही, वाऱ्याबरोबर आडवा मारतो, आणि इतक्याशा पुढ्याने भोक झाकलं जात नाही. छपरावर ९ इंच खोलीची दुसरी फळी, मध्ये अर्ध्या इंचाच्या पट्ट्या देऊन बसवावी. पाऊस अडतो आणि मधल्या हवेने ऊनही आत उतरत नाही. छप्पर आणि पाठीची फळी जिथे मिळतात त्या फटीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकली की पाणी आत झिरपत नाही.

आतली बाजू रंधा मारून गुळगुळीत केलेली असेल तर भोकाखालच्या फळीवर आतून आरीने पाच-सहा आडव्या खाचा पाडा. उडायच्या दिवशी पिलू त्यांना धरून वर चढतं. गुळगुळीत फळीवर ते घसरत राहतं आणि अशक्त असेल तर आतच मरतं.

मडकं

शाहूपुरी कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्पात लहान मडकं चहा-भज्यांच्या पैशात मिळतं. आत गारवा राहतो, वाळवी लागत नाही. पण बाजारातलं मडकं तसंच आडवं टांगलं तर त्याचं तोंड चार इंचांचं. त्यातून कावळ्याची मान सहज जाते. कच्च्या मडक्याला भाजण्याआधी बाजूला दीड इंचाचं भोक आणि बुडाला करंगळीएवढी दोन भोकं पाडून द्यायला सांगा, तोंडावर त्याच मापाचं झाकण घ्या. मग मडकं उभं ठेवता येतं, झाकण उचलून आत बघता येतं, साफही करता येतं. गणपतीच्या हंगामात हे काम कोणी हातात घेणार नाही, दिवाळीनंतर विचारा. दोरीने लोंबकळत ठेवू नका, वाऱ्याने हेलकावणाऱ्या मडक्यात अंडी एकमेकांवर आपटतात. कोनाड्यात किंवा लोखंडी कड्यात घट्ट बसवा. गंगावेशीकडच्या, पेठांतल्या जुन्या घरांच्या सज्ज्यांना मडकं शोभतं आणि चालतंही. मोकळ्या बागेत मात्र मांजराचा पंजा त्यावर सहज टेकतो.

सुताराकडची पेटी

टिंबर मार्केटमध्ये तुकडा माल मागितला तर स्वस्तात मिळतो. सगळ्यात उत्तम म्हणजे पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान: वाळून वाळून आकसायचं ते आकसून झालेलं असतं. त्याखालोखाल सिल्व्हर ओक. आंब्याची फळी टाळा, तिला भुंगा लागतो. शिरोली एमआयडीसीत यंत्रं येतात त्या खोक्यांचं देवदारी लाकूडही चांगलं, पण त्यावरचा शिक्का वाचून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडी मारलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते पिलांच्या पेटीला नको.

सुताराला माप सुतात आणि इंचांत द्या. सहा सुताची (पाऊण इंची), सात इंच रुंद, पाच फूट लांब फळी एका पेटीला पुरते, छपराचा तुकडा वेगळा. तळ ५ बाय ५. दोन बाजू ५ इंच रुंद, मागे साडेअकरा आणि पुढे साडेदहा इंच उंच, म्हणजे छपराला उतार मिळतो. पुढची फळी साडेसहा बाय साडेदहा. पाठीची साडेसहा बाय साडेपंधरा, वर-खाली दोन-दोन इंच क्लॅम्पसाठी सुटतात. छप्पर साडेआठ इंच रुंद, नऊ इंच खोल. भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या खालच्या कडेपासून साडेसात इंचांवर. चिमणीसाठी दीड इंची, दयाळासाठी दोन इंची होल सॉ (गोल भोक पाडायचं करवती पातं) वापरायचा. पटाशीने कोरलेलं भोक वाकडं येतं आणि पाव इंचाने वाढतं.

तळ भिंतींच्या आत, खालून दोन सूत वर बसवायला सांगा. खालून बसवला तर भिंतीवरून ओघळलेलं पाणी सांध्यातून आत शिरतं. तळाचे चारही कोपरे अर्धा-अर्धा इंच छाटले की निचरा होतो. एक बाजू दार म्हणून झुलती, आणि दोन्ही बाजू वरून तीन सूत आखूड, म्हणजे छपराखाली हवा खेळते. छपराच्या खालच्या अंगाला पुढच्या कडेपासून अर्ध्या इंचावर आरीची एक खाच मारून घ्या. पागोळी तिथेच तुटून खाली पडते, आत वळत नाही. ही खाच सांगूनही राहते, ताब्यात घेताना पेटी उलटी करून बघावी.

आत रंग, वॉर्निश, पॉलिश काही नको. बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन हात द्या आणि पंधरा दिवस उन्हात वाळवा. मजुरी धरून ७०० ते १००० रुपयांत पेटी होते, चार-पाच एकदम सांगितल्या तर कमी. खारी भोक कुरतडून मोठं करतात, म्हणून भोकाभोवती तेवढ्याच भोकाचा पत्र्याचा चौकोन ठोकावा, कडा कानशीने मारून.

चिरक ही बागेत शेपटी वर करून फिरणारी काळी चिमुरडी. ती भिंतीच्या खबदाडात घरटं करते. तिच्यासाठी पुढच्या फळीचा वरचा अर्धा भाग उघडा ठेवलेली पेटी करून बघायला हरकत नाही, मात्र ती दाट वेलीच्या आड हवी.

लावणं

चांगली पेटी वाईट जागी लावली की वाया जाते. झाडाच्या खोडाला खिळ्याने ठोकणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात धोक्याचा मार्ग: मांजर, धामण, उंदीर, मुंगळे सगळ्यांना जिना तयार. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, नागाळा पार्क अशा बागवाल्या भागात एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, दहा फूट लांब, दोन फूट काँक्रीटमध्ये गाडून त्यावर पेटी बसवा. त्याच पाइपवर, पेटीच्या खाली, मांजर-रोधक नळी अडकवा. उद्यमनगरात कोणीही फॅब्रिकेटर २४ बाय २६ इंचाचा जीआय पत्रा वळवून आठ इंच व्यासाची, दोन फूट लांबीची नळी करून देतो. वरचं तोंड बंद, खालचं उघडं, आणि नळी पाइपवर किंचित डुलती हवी. चढणारा प्राणी नळीच्या आत शिरतो आणि वर वाट बंद सापडते. जवळची फांदी किंवा कठडा सहा फुटांच्या आत असेल तर नळीचा उपयोग शून्य, मांजर तिथून झेप घेतं. मुंगळ्यांसाठी नळीच्या आतल्या पाइपवर ग्रीसचा पट्टा द्या. पाखराचं अंग लागेल अशा जागी ग्रीस नको, आणि कीटकनाशक खडू तर कुठेच नको.

तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. पावसाळी वारा पश्चिमेचा आणि उन्हाळ्याची तिरपी उन्हंही पश्चिमेची, दोन्ही पाठीवर घ्यायची. पत्र्याच्या शेडला टेकवू नका. चिमण्यांच्या पेट्या तीन-चार फुटांवर चालतात, त्यांना शेजार आवडतो. दयाळ मात्र आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही, एका बागेत एकच पेटी पुरे. ब्लूबर्डच्या पेट्या तिकडे शंभर यार्डांवर लावतात तेही याच कारणाने.

बघणं आणि सांभाळणं

दयाळ साधारण चार-पाच अंडी घालतो, चिमणी तीन ते पाच. दोघांचीही पिलं अंड्यातून आल्यावर जवळपास पंधरा दिवसांत उडतात. दार आठवड्यातून एकदाच उघडा, कोरड्या हवेत, सकाळी दहानंतर. पहाटे मादी अंडं घालत असते. आधी पेटीवर दोन टिचक्या मारा, मादी बाहेर गेली की अर्ध्या मिनिटात बघून दार लावा. पिलं बारा दिवसांची झाली की दार उघडणं बंद. त्यानंतर दचकलेली पिलं एकदम बाहेर पडतात आणि आत घातली तरी राहत नाहीत. तारखा दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवल्या तर हा हिशेब चुकत नाही.

पिलांना आई-बाप किडे, अळ्या भरवतात. शेजारी तांदूळ-बाजरी ठेवून पिलांचं पोट भरत नाही. बागेत औषध फवारणं थांबवणं आणि इंचभर पाण्याचं पसरट भांडं ठेवणं, एवढं पुरतं. जवळपास पडलेला पतंगाचा मांजा आणि नायलॉनचा दोरा उचलून टाका. चिमण्या तो घरट्यात नेतात आणि पिलाचा पाय त्यात अडकून सुजतो.

अंडी किंवा पिलं असताना घरटं हलवणं किंवा मोडणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली अडचणीत आणू शकतं, तेव्हा घराचं रंगकाम पेटीच्या तारखा बघून काढावं. कॅमेरा बसवलेल्या पेट्याही आता मिळतात. त्यांची उंची जेमतेम आठ इंच असते आणि कॅमेरा छताला लटकतो. चिमणी घरटं भोकापर्यंत भरते आणि पडद्यावर नुसतं गवत दिसतं. जादा दोन-अडीच हजार त्यासाठी घालू नयेत.

पिलं उडाली की दोन-तीन दिवसांत जुनं घरटं काढा, कारण चिमणी लगेच दुसऱ्या विणीला लागते. आधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही, तोंडाला मास्क, हातात मोजे. बारीक लालसर किडे वळवळताना दिसले तर उकळतं पाणी ओतून ताठ ब्रशने घासा. फिनेल, डीडीटी, डांबरगोळ्या नकोत. पेटी दिवसभर उन्हात उघडी ठेवून परत लावा. दयाळाचा हंगाम जुलैअखेर आटोपतो. तेव्हा पेटी उतरवून ऑक्टोबरच्या उन्हात तेलाचा एक हात आणि दाराचे स्क्रू आवळणं, एवढं काम राहतं.